जबाबाची इस्त्री

पोलीस ठाण्यातला लहानथोर जो तो त्यांना इस्त्रीकाका म्हणे, आणि काकांना त्याचा राग येत नसे. उलट कुणी नवा माणूस “हे नाव कसं पडलं हो?” असं विचारू लागला, की ते चष्मा पुसायला घेत आणि दुसऱ्या कुणीतरी ती हकीकत सांगावी म्हणून वाट बघत. घाबरलेला माणूस कधी सरळ बोलत नाही. चोर पाहिलेली बाई आधी उतू गेलेलं दूध सांगते, मग सासूचं दुखणं, मग चोर, मग परत दूध. फौजदार मध्ये मध्ये प्रश्न विचारून तिला वाटेवर आणतात आणि लेखनिक ते सगळं शॉर्टहँडमध्ये उतरवून घेतो. त्यातून पुढे जबाब टाइप करायचा, आणि इथे लेखनिक म्हणून काकांचा हात धरणारा कुणी नव्हता. प्रश्न गळून पडत, दूध गळून पडे, सासू गळून पडे, आणि “मी वरील पत्त्यावर राहते” इथपासून “जबाब वाचून दाखवला, तो बरोबर आहे” इथपर्यंत एक सुरकुती राहत नसे. एका न्यायाधीशांनी तर भर कोर्टात म्हटलं होतं की जबाब असावा तर असा. हे वाक्य काकांनी घरी इतक्यांदा सांगितलं होतं, की काकूंना ते न्यायाधीशांच्या खाकरण्यासकट पाठ झालं होतं.

खोड एकच. काकांना शांतता सोसत नसे. समोरचा माणूस क्षणभर गप्प बसला, की त्याला बिचाऱ्याला शब्द सापडत नाही असं वाटून ते स्वतःच एखादा शब्द काढून पुढे करत. दुकानात, दवाखान्यात, लग्नाच्या बोलण्यांत, सगळीकडे. काकू म्हणायच्या, “अहो, भिंत गप्प बसली तरी तुम्ही तिला विचाराल, काय गं, बरं नाही का वाटत?” काका हसायचे. स्वभावाला औषध नसतं, आणि हा काही वाईट स्वभाव नव्हे अशी त्यांची खात्री होती.

निवृत्तीला आठ महिने उरले असताना वरून हुकूम आला. साक्षीदारांचे जबाब घेण्याची नवी पद्धत शिकवायला एक बाई येणार, तीन दिवस वर्ग भरणार, फौजदारांपासून लेखनिकापर्यंत सगळ्यांनी बसायचं. काकांनी नाक मुरडलं. एकतीस वर्षं जबाब लिहिले, आता हिच्याकडून जबाब शिकायचा म्हणजे आजीला कोणीतरी फोडणी शिकवण्यासारखं होतं. तरी ते पहिल्या रांगेत बसले, कारण मागून त्यांना नीट ऐकू येत नसे.

पहिल्याच सकाळी बाई बोलत असताना एक माणूस शिडी घेऊन आत आला, भिंतीवरचं घड्याळ काढलं आणि घेऊन गेला. कुणी लक्ष दिलं नाही. तासाभराने बाईंनी कागद वाटले. निम्म्या वर्गाला कोरा कागद, जे आठवेल ते लिहा म्हणून. निम्म्यांना प्रश्नांचा कागद, आणि त्यात चौथा प्रश्न होता, ‘त्याच्या टोपीचा रंग कोणता होता?’ काकांच्या वाट्याला प्रश्न आले. त्यांनी मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं, ‘करडा. टोपी थोडी मळलेली.’ मग शिडीवाला परत आला. त्याच्या डोक्यावर टोपी नव्हती आणि सकाळीही नव्हती. डोक्याला चांगलं तुळतुळीत टक्कल होतं, जे टोपीवाल्या नऊ जणांपैकी एकालाही आठवलं नव्हतं.

वर्ग खो खो हसला. काकाही हसले, पण जरा उशिराने. “टोपी मॅडमनी घातली,” ते म्हणाले, “मळवली मात्र मी.”

“तेच सांगायचंय मला काका,” बाई म्हणाल्या. “साक्षीदार खोटं बोलत नाही. आपण प्रश्नातून टोपी देतो, तो बिचारा ती घालतो. आणि एकदा घातली की त्याला ती दिसायलाच लागते.”

मग त्यांनी पद्धत सांगितली. साक्षीदाराला आधी स्वस्थ बसू द्यायचं. डोळे मिटायचे असतील तर मिटू दे. त्याला मनाने त्या जागी न्यायचं. उजेड कुठून येत होता, आवाज कसला होता, हातात काय काम होतं. मग जे जसं आठवेल तसं सांगू द्यायचं, तुकडे असले तरी चालतील, शेवटाकडून सुरुवातीकडे आला तरी चालेल. मध्ये तोंड घालायचं नाही. तो थांबला की मनात दहापर्यंत मोजायचं, कारण खरी आठवण पुष्कळदा आठ-नऊला येते. ‘माहीत नाही’ हे उत्तर मानाने लिहून घ्यायचं. आणि उत्तराच्या आधी प्रश्न लिहायचाच, जसा विचारला तसा.

“पण मॅडम, मध्ये मध्ये प्रश्न आले तर जबाब दिसेल कसा? ठिगळं लावल्यासारखा,” काका म्हणाले.

“दिसू दे. ठिगळ दिसलं म्हणजे फाटलं कुठे होतं ते कळतं.”

संध्याकाळी उठताना बाईंनी सांगितलं, की प्रत्येकाने उद्या आपला एक जुना, अभिमान वाटावा असा जबाब आणावा, आणि कच्ची टिपणं असतील तर तीही. बाकीच्यांनी डोकी खाजवली. टिपणं कोण ठेवतो? काकांनी ठेवली होती. एकतीस वर्षांच्या वह्या घरी माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत होत्या, आणि दर वर्षी साफसफाईत काकू त्या रद्दीत घालायला निघत. कुठला जबाब न्यायचा याचाही विचार करावा लागला नाही. न्यायाधीशांनी वाखाणलेला.

तो घड्याळजीच्या खुनातला जबाब होता. सहा वर्षांपूर्वी भर दुपारी एका घड्याळजीला त्याच्या माडीवरच्या दुकानात कुणीतरी डोक्यात स्टूल घालून मारलं. समोरच्या घरात खिडकीशी शिवणकाम करत बसलेल्या शिंपीणबाईने एक माणूस जिन्यावरून उतरून जाताना पाहिला. जिन्याखाली एक छत्रीवाला बसे, मोडक्या छत्र्या दुरुस्त करणारा. त्याचा डावा पाय लहानपणापासून अधू, आणि त्याच आठवड्यात जागेवरून त्याचं नि घड्याळजीचं जोराचं भांडण झालेलं. शिंपीणबाईच्या जबाबात माणूस डाव्या पायाने लंगडत होता. पुढे कोर्टात तिने बोटही दाखवलं. छत्रीवाल्याला जन्मठेप झाली. काका त्याला ओळखत होते. त्यांची छत्री त्याच्याकडेच दुरुस्त होई. वाईट वाटलं होतं, पण माणसाच्या पोटात काय असतं ते कुणाला कळतं, असं ते तेव्हा काकूंना म्हणाले होते.

काकांनी चहा पिता पिता वही उघडली. त्यांचं शॉर्टहँड त्यांचं त्यांनाच वाचता येई. शिकले होते एक, आणि वर्षानुवर्षं वळवून वळवून दुसरंच झालं होतं. फौजदारांच्या प्रश्नाआधी ते टिंब देत. क्वचित स्वतःला काही विचारावं लागलं, नाव-पत्ता वगैरे, तर फुली.

टिंब. काय पाहिलंत? “धडधड वाजलं म्हणून मान वर केली. माणूस दोन-दोन पायऱ्या सोडून उतरला जिना. बघेपर्यंत गल्लीच्या टोकाला.” टिंब. दिसायला कसा होता? “पाठमोरा होता. अंगात काळसर काहीतरी.” पुढे कंसात लिहिलं होतं, ‘साहेब फोनला गेले.’

त्याखाली फुली होती.

‘पाय ओढत होता का हो?’

आणि उत्तर, “पाय? असेल. हो, तसंच काहीतरी.” परत फुली. ‘डावा ना?’ “हो, डावाच असेल.”

काकांचा चहा तसाच राहिला. त्यांना सगळं लख्ख आठवलं, कुणी न विचारता आठवलं. साहेब बाहेर गेले होते. शिंपीणबाई हातातल्या रुमालाच्या कडेवरून बोट फिरवत गप्प बसली होती. काकांना ती शांतता सोसेना. आणि दहा मिनिटांपूर्वीच ते चहा सांगायला बाहेर गेले होते, तेव्हा संशयावरून आणलेला छत्रीवाला व्हरांड्यात बाकावर डावा पाय लांब करून बसला होता. “काका, मला कशाला बसवलंय हो इथे?” त्याने विचारलं होतं. “होईल, होईल, दोन मिनिटांचं काम,” असं म्हणून काका आत आले होते. तो लांब केलेला पाय त्यांच्या डोळ्यांत होता. तोच त्यांनी उचलून शिंपीणबाईच्या तोंडात ठेवला.

त्यांनी टाइप केलेला जबाब काढला. ‘सदर इसम डाव्या पायाने लंगडत घाईघाईने गल्लीच्या टोकाकडे गेला.’ सुंदर वाक्य. दोन-दोन पायऱ्यांचा त्यात पत्ता नव्हता. का नव्हता तेही काकांना आठवलं. लंगडत आणि दोन-दोन पायऱ्या हे एका वाक्यात बसत नव्हतं, म्हणून पायऱ्या काढल्या होत्या. वाक्य सरळ यावं म्हणून. अधू पायाचा माणूस दोन-दोन पायऱ्या उतरेल कसा, हा प्रश्न त्यांना तेव्हा पडला नव्हता. त्यांना फक्त वाक्य खटकलं होतं.

लाजेने माणसाचे कान तापतात हे काकांना शाळेपासून माहीत होतं. पण ही लाज कानांवर थांबली नाही. ती पाठीत उतरली, तळहातांत उतरली, आणि काकूंनी “काय झालं?” म्हणून विचारलं तेव्हा काका आयुष्यात पहिल्यांदा उत्तराच्या ऐवजी गप्प राहिले. काकूंनी त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला.

आता इथे कुणी म्हणेल, काकांनी लगेच उठून ठाण्यात जायला हवं होतं. हो, हवं होतं. पण ते गेले नाहीत. त्यांनी वही पेटीत तळाशी घातली, वर जुनी पंचांगं ठेवली आणि दुसऱ्या दिवशी सायकलचोरीचा एक जबाब घेऊन वर्गात गेले. टिपणं सापडली नाहीत म्हणाले. बसल्या बसल्या मनात हिशेब मांडत होते. फौजदारसाहेब दोन वर्षांपूर्वी वारले. शॉर्टहँड दुसऱ्या कुणाला वाचता येत नाही. म्हणजे वही बोलली तर काकांच्याच तोंडाने बोलणार, आणि काका म्हणतील ते बोलणार. फुलीला टिंब म्हटलं तर कोण अडवणार होतं? हा विचार आपल्याला सुचला याचीच त्यांना इतकी शरम वाटली, की त्यांनी तो पुन्हा पुन्हा करून पाहिला, दुखरा दात जिभेने चाचपावा तसा.

तिसऱ्या दिवशी त्यांना पळवाट सापडली. वर्ग सुटल्यावर ते बाईंजवळ गेले. “मॅडम, घड्याळजीच्या खुनातली साक्षीदार अजून त्याच घरात राहते. तुमच्या पद्धतीने तिला पुन्हा विचारलं तर?”

“का? निकाल लागलाय ना त्याचा?”

“असंच. मला शिकायला मिळेल.”

त्यांना वाटत होतं, बाई तिला डोळे मिटायला लावतील, खिडकीशी नेऊन बसवतील, आणि ती आपणहून म्हणेल, दोन-दोन पायऱ्या. मग काम होईल आणि वहीला पेटीत राहता येईल. बाईंनी काकांकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. पण परवानगी काढली.

तीन आठवड्यांनी शिंपीणबाई आली. केस पिकले होते, बोटाला शिवताना घालायचं टोपण तसंच होतं, काढायचं विसरली होती. बाईंनी तिला पाणी दिलं, खुर्ची उजेडाकडून वळवली, घाई नाही म्हणून सांगितलं. काका कोपऱ्यात वही घेऊन बसले. शिंपीणबाईने डोळे मिटले. मशीनचा आवाज सांगितला, हातात कुणाची बाही होती ते सांगितलं, खिडकीच्या गजांची सावली कापडावर पडायची ते सांगितलं. काकांनी पेन्सिल कागदावर टेकवली. आता येणार.

“आणि मग तो माणूस,” ती म्हणाली. “पाय ओढत होता. डावा पाय.”

काका मनात मोजत होते. सात, आठ, नऊ.

“अजून डोळ्यांसमोर आहे हो माझ्या. कितीदा सांगितलंय मी. त्याचा तो पाय तर माझ्या स्वप्नातही येतो.” बाईंनी तिला शेवटाकडून सांगायला लावलं, जिन्यापासून सांगायला लावलं. पाय तिथेच होता. जिना तो आता सावकाश उतरत होता, कठड्याला धरून. सहा वर्षांत तिने माणसाला पायासाठी कठडाही दिला होता.

जाताना ती कोपऱ्याकडे वळून हसली. “हे काका त्या दिवशीही होते. साहेब बाहेर गेले तेव्हा यांनीच मला धीर दिला. फार मायेने बोलले.”

दार लागलं. बाईंनी काही विचारलं नाही. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि हात मांडीवर घेतले. बाहेर कुणीतरी बादली सरकवली. काकांनी वहीची पानं सारखी केली, पेन्सिलचं टोक पाहिलं. खोलीतली शांतता वाढत चालली आणि ती त्यांची त्यांनाच भरायची होती. ज्या जागी शिंपीणबाई सहा वर्षांपूर्वी बसली होती तिथे आज आपण बसलो आहोत, फक्त आपल्याला शब्द द्यायला कुणी नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं.

“माझी जुनी वही सापडली,” ते म्हणाले. “त्यात पायाचा प्रश्न आहे. आधी प्रश्न, मग उत्तर. फौजदारसाहेबांनी...”

बाई नुसत्या बघत राहिल्या. रागाने नाही, मायेने नाही. त्या ऐकत होत्या, एवढंच. काकांनी ओठ ओले केले. साहेबांचा चेहरा त्यांच्या डोळ्यांपुढे आला. साहेब तापट होते, आळशी होते, पण हा प्रश्न विचारायला ते खोलीत नव्हते.

“साहेबांनी नाही. मी विचारला,” काका म्हणाले. “तो बाहेर बाकावर बसला होता, पाय लांब करून. मी बघून आलो होतो. ती दोन-दोन पायऱ्या म्हणाली होती मॅडम. आधी म्हणाली होती. मी काढल्या त्या. वाक्यात बसत नव्हत्या.”

बाईंनी त्यांना ‘होतं असं’ म्हटलं नाही, आणि काकांना त्याबद्दल पुढे कायम बरं वाटलं. बाईंनी कागद ओढला. “सुरुवातीपासून सांगा. किंवा जिथून आठवेल तिथून.” त्यांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय होते. प्रश्न आणि उत्तरं एकाखाली एक पडत गेली, खाडाखोडीसकट. संपल्यावर काकांचा हात सवयीने पुढे झाला.

“द्या, मी नीट टाइप करून आणतो.”

“नको काका. असाच राहू दे.”

काकांनी तो वाचला. मध्येच एका ओळीत लिहिलं होतं, ‘“फौजदारसाहेबांनी” असे म्हणून साक्षीदार थांबले. बराच वेळ गप्प. मग सांगितले की साहेबांनी नाही.’ एकतीस वर्षांत काकांनी कुणाची शांतता कधी लिहून घेतली नव्हती. त्यांनी त्याखाली सही केली. सही वाकडी आली.

पुढे जे व्हायचं ते झालं. चौकशी लागली, निवृत्तीचा समारंभ झाला नाही, ठाण्यात इस्त्रीकाका हे नाव लोक आता हळू आवाजात घेऊ लागले. काकूंना त्यांनी सगळं सांगितलं. काकूंनी ऐकलं, आणि न्यायाधीशांचं वाक्य त्या घरात पुन्हा कधी निघालं नाही. कोर्टाने वही काकांकडून वाचून घेतली, टिंबासकट, फुलीसकट. पाच महिन्यांनी छत्रीवाला सुटला.

निकालाच्या दिवशी काका कोर्टाच्या व्हरांड्यात उभे होते. त्यांनी घरून एक वाक्य तयार करून आणलं होतं. माफीचं होतं, सरळ होतं, त्यात एकही शब्द जास्त नव्हता. चार रात्री ते त्यावर खपले होते. छत्रीवाला कागदांवर सह्या करून बाहेर आला, भिंतीला धरत, आणि काका उभे होते तिथल्याच बाकावर येऊन बसला. डावा पाय त्याने लांब केला. केस विरळ झाले होते. काकांकडे त्याने एकदा पाहिलं आणि मग समोर पाहिलं.

काकांचं वाक्य ओठांपर्यंत आलं. त्यांनी ते गिळलं. ते बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले आणि मोजू लागले. दहा झाले. परत एकपासून सुरू केलं. या माणसाला जे म्हणायचं असेल ते त्याचं असणार होतं. शिवी दिली तरी ती त्याची.

बऱ्याच वेळाने छत्रीवाला बोलला.

“तुमची ती काळी छत्री,” तो म्हणाला. “लाकडी मुठीची. तिसरी काडी बदलून दिली होती मी, आणि कापडाला आतून एक टाका घातला होता. त्याच महिन्यात. टिकली का ती?”

“हो,” काका म्हणाले. “टिकली.”

त्याने मान हलवली. मग दोघंही तसेच बसून राहिले, आणि काकांनी काही विचारलं नाही.